बोटीचे दोर सुटले

मी समुद्र पाहिलेला नाही आणि आता पाहायचाही नाही. भाचा अधूनमधून आग्रह करतो, ‘आत्या, चल, मुंबई दाखवून आणतो.’ मी म्हणते, तूच जा बाबा, आणि येताना माझ्यासाठी काही आणू नकोस. त्याला वाटतं म्हातारी हट्टी आहे. आहेच.

मात्र बोट धक्क्याला कशी बांधतात ते मला विचारा. पुढचा दोर कुठं जातो, मागचा कुठं, मधले तिरपे दोर कशाला लागतात, ओहोटीला ते सैल केले नाहीत तर काय होतं, सगळं सांगते. हे मी शिकले ते वऱ्हाडात, कारंज्याकडच्या एका लहानशा खेड्यात, शेणानं सारवलेल्या अंगणात बसून. तिथं पाणी म्हणजे अडाण नदी, आणि उन्हाळ्यात तीही नावालाच.

माझं माहेर मालेगावचं, तेही वऱ्हाडातलंच. मराठी चौथी शिकून सासरी आले. घरात माणसं दोनच होती, सासूबाई आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. सासरे फार पूर्वी वारले होते. शेत थोडं होतं पण आम्हा तिघांना पुरत होतं, आणि त्याशिवाय सासूबाई दोर वळायच्या.

आमच्या वऱ्हाडात अंबाडी सगळेच लावतात, ज्वारी-तुरीच्या कडेकडेनं. पाल्याची भाजी होते, आणि झाडं कापून नदीच्या डोहात भिजत घातली की साल सुटून येते. त्या सालीचे दोर. पण दोर वळणं हे पुरुषाचं काम समजत. सासूबाईंनी नवऱ्यामागं ते हाती घेतलं तेव्हा गावानं आधी नाकं मुरडली, आणि मग त्याच गावानं आपली दावी, कासरे, मोटेचे नाडे मुकाट्यानं त्यांच्याकडूनच वळून न्यायला सुरुवात केली. दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं टोक धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. माझ्या अंगाची हळद उतरली नव्हती तोच सासूबाईंनी माझ्या हातात टोक दिलं.

‘धर. अन् सोडू नको,’ त्या म्हणाल्या. ‘सोडलं का सारा पीळ गेला.’

मला वाटलं होतं, नव्या सुनेला चार दिवस कौतुकाचे असतात. आमच्याकडे ते कौतुक तळहाताला फोड आणून गेलं. पण खरं सांगायचं तर सासूबाईंचा मला त्रास नव्हता. बोलणं तिखट, हात सढळ. जेवताना माझ्या पानात भाकरीवर तेल स्वतः ओतायच्या आणि वर म्हणायच्या, ‘खाय, नाईतं मालेगाववाले म्हनतीन पोरगी वाळवली.’

नवरा आईच्याच हाताखाली तयार झालेला. कमी बोलणारा माणूस. महायुद्ध सुरू झालं होतं, आणि अनसिंग गावचा एकजण मुंबईच्या बंदरात कामाला होता. तो कापसाच्या दिवसांत कारंज्याच्या बाजारात भेटला की तिथल्या गोष्टी सांगायचा. माणसं पुरत नाहीत म्हणे, दोर हाताळता येणारा असला तर उभ्या उभ्या घेतात. आमचे हे एक दिवस त्याच्याबरोबर निघाले. घरात कोणी उपाशी नव्हतं, कोणी त्यांना पाठवलं नव्हतं. त्यांना जायचं होतं, म्हणून गेले. कारंज्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला होता, तोही निघायच्या वेळी भाकरी बांधून देताना मोडला.

वर्षानं आले ते अंगानं चांगले भरलेले आणि रंगानं पार काळवंडलेले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि पहिलं विचारलं ते काम काय करतोस.

‘धक्क्यावर हावो, माय.’

‘म्हनजे बोटीले धक्का देतो का तू?’

मी पदर तोंडाला लावला, पण हसू काही दबेना. तेही हसले. मग त्यांनी चुलीपासची पीठ मळायची लाकडी काथवट उचलून अंगणात आणून ठेवली. ही बोट, म्हणाले. अंगणाच्या कडेचा ओटा तो धक्का. ओट्याजवळ गुरांसाठी ठोकलेल्या खुंट्या होत्या, ते धक्क्यावरचे लोखंडी खुंटे. आणि आमच्याच वळलेल्या सुतळ्या घेऊन त्यांनी ती काथवट ओट्याला बांधायला घेतली. गडी चाळीस पायली धान्य उचलील असा, पण बोटं अशी हळू चालत होती की मी पाहतच राहिले.

बोट एकदम काठाला येत नाही. लांबूनच तिच्यावरचा खलाशी एक बारीक दोरी फेकतो, तिच्या टोकाला जड गाठ असते. धक्क्यावरच्या माणसानं ती झेलायची. बारीक दोरीला पुढं मांडीएवढा जाड दोर बांधलेला असतो, तो सातआठ जणांनी मिळून पाण्यातून ओढून घ्यायचा आणि त्याचा फासा खुंट्यात अडकवायचा. मग बोट वरून यंत्रानं तो दोर गुंडाळत स्वतःला काठाकडं ओढून घेते. एक दोर तोंडाकडचा, एक शेपटाकडचा. आणि दोन मधले, तिरपे, ती पुढंमागं सरकू नये म्हणून.

‘एवढे कायले?’ सासूबाई म्हणाल्या. ‘बैलाले एक दावं पुरते.’

‘बैल उभा राह्यते, माय. पानी उभं नाई राहात.’ मग त्यांनी काथवट खाली सरकवली, वर उचलली. तिथं पाणी रोज चढतं, रोज उतरतं. बोट त्याच्याबरोबर खालीवर होते. पाणी उतरायला लागलं की दोर ताणतात, तेव्हा ते वेळेवर सैल करावे लागतात. नाहीतर दोर तुटतो, किंवा बोट तिरकी होते.

‘रोज चढते? पाऊस नसतानी?’

‘रोज.’

‘कोन चढवते?’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चौथी पास. मी हळूच म्हटलं, ‘चंद्र.’ त्यावर सासूबाईंनी आम्हा दोघांकडं असं पाहिलं, जणू दोघांनाही ऊन लागलंय. आणि उंदीर दोरांवरून बोटीत चढू नयेत म्हणून प्रत्येक दोराला पत्र्याचं गोल ताट अडकवतात, हे ऐकल्यावर तर त्यांनी हातच टेकले. ‘उंदरायले ताटं! अन् आमी पानावर जेवतो.’

ती दुपार माझ्या आयुष्यातली चांगली दुपार. एवढंच लिहिते, कारण तशा फार नव्हत्या.

एका गोष्टीवर मात्र मायलेकांचं जुळलं नाही. सासूबाईंनी विचारलं, बोट निघाली की दोरांचं काय करता? ते म्हणाले, आम्ही खुंट्यावरून फासा काढून पाण्यात सोडतो, बोट आपले दोर ओढून घेते आणि जाते. दोर बोटीचेच असतात. सासूबाईंचा चेहरा उतरला. आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, विकणाऱ्यानं आपलं सोडून घ्यायचं. दावं गेलं तर खुंटा रिकामा राहतो, दुसरं जनावर टिकत नाही असं मानतात. ‘हे काही बरी रीत नोहे,’ त्या म्हणाल्या. ‘काठाले काही ठेवाच लागते.’ ते हसण्यावारी नेत होते, त्या हसत नव्हत्या.

आता शब्दाचं सांगते, कारण पुढचं सगळं एका शब्दानं झालं. आमच्या घरात बैल मेला असं कोणी तोंडातून काढत नसे. सासूबाई म्हणायच्या, दावं सुटलं, नाहीतर दोर सुटला. माणसालाही तेच. ‘त्याहीचा दोर सुटला तवा पोरगा रांगत होता,’ असं त्या सासऱ्यांबद्दल बोलायच्या. शेजारीपाजारी त्यांच्यासमोर तसंच बोलत.

आमचे हे मुंबईला परत गेले, आणि पुढच्या कापसाच्या दिवसांत शेजारचा माणूस कारंज्याच्या बाजारातून आला तो बैलही न सोडता सरळ आमच्या अंगणात. आम्ही दोर वळत होतो. सासूबाई म्हणाल्या, ‘काय झालं बे, तोंड काहून असं?’

‘माय, थो अनसिंगवाला भेटला ठेसनावर. गाडीत बसला होता. म्हने, घरी सांगा. म्हने, दोर सुटले. तो गेला.’

‘कसा?’

‘तेवढंच म्हनला. गाडी हालली.’

माझ्या हातातून टोक सुटलं आणि साऱ्या दोराचा पीळ सरसरत उलगडून गेला. पाच हात दोर अंगणात सापासारखा वळवळला आणि पडला. सासूबाई मला त्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

तुम्ही म्हणाल, नीट चौकशी का केली नाही. केली. अनसिंगला माणूस पाठवला, तर त्या घरच्यांना काही ठाऊक नव्हतं, मुंबईचा पत्ताही नाही, तो तर आदल्याच दिवशी मुंबईला परतला होता. पत्र लिहायला मला अक्षर होतं, पत्ता नव्हता. बंदर, धक्का, मुंबई, एवढ्यावर टपाल पोचत नसतं. आणि चौकशीला माणूस जातो तोवर घर बायकांनी भरलं होतं. गावात एकदा रडणं सुरू झालं की ते थांबवायचं कोणी? प्रेत नव्हतं, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि नदीकाठी जाळला. माझ्या बांगड्या सासूबाईंनी फोडल्या. दुसऱ्या कोणत्या बाईला त्यांनी माझा हात धरू दिला नाही. कुंकूही त्यांनीच पुसलं, ओल्या बोटानं, आणि नंतर ते बोट कितीतरी वेळ लुगड्याला पुसत राहिल्या.

त्या महिन्यांबद्दल मी काय लिहू. मला माणूस गेल्याचं दुःख होतं, ते होतंच. पण रागही होता, आणि तो मी लपवत नाही. सकाळी पाण्याला निघाले की समोरची बाई वाट बदलायची. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नाच्या घरात पाय नाही. ज्या बायकांनी माझ्या गळ्यात पडून गळा काढला होता, त्याच ह्या बायका. मला वाटायचं, मरून ते सुटले, मी कोणता गुन्हा केला? सासूबाईंना हे कळत असावं. त्या सगळीकडं जाणं टाळायला लागल्या. बोलावणं आलं तरी म्हणायच्या, ‘दोर वळाचे हायेत,’ आणि आम्ही दोघी वळत बसायचो.

पुढच्या पावसाळ्यानंतर, अंबाडी भिजत घातली होती तेव्हाची गोष्ट. मी नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहून साल सोडवत होते. काठावर कोणी आल्यासारखं वाटलं म्हणून वर पाहिलं. पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन आमचे हे उभे होते.

मी ओरडले नाही. भूत दिसलं तर ओरडायचं असतं, पण मला ते भूत वाटलंच नाही. पायात चपला होत्या आणि त्यांना आमच्याच वाटेचा चिखल लागला होता. त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बाईचं कपाळ असं पाहिल्यावर कोणता नवरा काय विचारील? ते म्हणाले, ‘कोन गेलं वं?’

मी म्हटलं, ‘तुमी.’

ते तिथंच काठावर चिखलात बसले.

झालं होतं ते असं. एका बोटीला खलाशी कमी पडत होते, ह्यांचा दोरावरचा हात पाहून त्यांनी ह्यांना उभ्या उभ्या घेतलं. बोट निघाली, ते तिच्यावर निघाले. काठावर अनसिंगवाला उभा होता, त्याला ओरडून सांगितलं, घरी कळव, बोटीचे दोर सुटले, मी गेलो. अनसिंगवाल्यानं सुटत्या गाडीतून आमच्या शेजाऱ्याला तेच सांगितलं. शेजाऱ्यानं आमच्या अंगणात तेच सांगितलं. कोणी एक अक्षर खोटं बोललं नाही. आमच्या मराठीत माणूस गावाला गेला तरी गेलाच आणि मेला तरी गेलाच, त्यात आमच्या घराचा तो दोर. तो शेजारी नंतर बरेच दिवस आमच्या अंगणासमोरून खाली मान घालून जायचा. त्याचा काही दोष नव्हता.

सासूबाईंनी मुलाला दारात पाहिलं, जवळ गेल्या आणि फाडकन त्याच्या तोंडात मारली. मग त्याच गालावर हात ठेवून खाली बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

ज्याचं क्रियाकर्म झालं तो माणूस घरात कसा घ्यायचा, यावर गावात दोन दिवस खल झाला. शेवटी भटजींनी मार्ग काढला की त्याचा नवा जन्म झाला असं समजायचं. म्हणून आधी बारसं, कानात नाव सांगणं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. माझं लग्न दोनदा झालं आणि दोन्ही वेळा नवरा तोच, अशी बाई वऱ्हाडात दुसरी नसेल. कासारणीनं बांगड्या भरताना विचारलं, ‘कोनत्या रंगाच्या भरू वं?’ मी म्हटलं, ‘ज्या लवकर फुटत नाईत त्या भर.’ सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. त्याच बायका.

ते घरी राहिले ते दिवस सुखाचे म्हणायला हवेत, पण सुखाला धाक होता. रात्री त्यांचा श्वास चालू आहे ना हे मी हात ठेवून पाहायची. सासूबाईंनी त्यांना जाऊ द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण पायाला सवय झाली होती, त्यांचं मन शेतात रमेना. शेवटी सासूबाईंनी एका अटीवर सोडलं. बोटीवर पाय ठेवायचा नाही. काठावर राहायचं, जमीन सोडायची नाही. त्यांनी आईच्या पायाला हात लावून शब्द दिला, आणि तो पाळला.

पाळला नसता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय. समुद्रावर ते एवढे महिने राहून आले, काही झालं नाही. जमिनीवर राहिले आणि गेले.

या वेळी अनसिंगवाला स्वतः आला. मुंबईहून थेट, त्यांची पत्र्याची पेटी घेऊन. पेटी ओट्यावर ठेवली आणि उभाच राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. मग म्हणाला, ‘माय, मागच्या खेपेस माह्यामुळं घोटाळा झाला. म्हून आता मी गेला म्हननार नाई. तो मेला, माय. माह्या डोयासमोर मेला.’

ओहोटी लागली होती. बोट खाली बसत होती आणि एका खुंट्यावरचा दोर सैल करायचा राहिला होता. आमचे हे तो दोर सोडवायला पुढं झाले. दोर तुटला. ताणलेला जाड दोर तुटला की टोक चाबकासारखं फिरतं, ते ह्यांच्या छातीवर बसलं. अनसिंगवाल्यानं आणि सोबतच्या माणसांनी मिळून तिथंच अग्नी दिला होता. हे सांगताना तो मोठा माणूस लहान पोरासारखा रडत होता.

सासूबाई सगळं ऐकून घेत होत्या. मग विचारलं, ‘दोर जुना होता का?’

‘नाई माय. नवा कोरा होता.’

‘नवा दोर तुटत नाई,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मी जिंदगीभर दोर वळले. नवा दोर तुटत नाई. तुमी दुसऱ्याच कोनाले पाह्यलं.’

त्यानं आपल्या पोराबाळांच्या शपथा घेतल्या. पेटी उघडून दाखवली, आत त्यांचे कपडे, माझ्यासाठी घेतलेलं एक निळं लुगडं. सासूबाई एकच म्हणत राहिल्या, मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं. त्यांनी त्याला गुळाचा चहा करून पाजला, भाकरी बांधून दिली आणि वाटेला लावलं. मग गावातल्या बायका जमायला लागल्या तेव्हा दारात आडव्या उभ्या राहिल्या. ‘माह्या घरात कोनी रडाचं नाई. मागं रडल्या, थो आला. आताही येईन. हिच्या हाताले कोनी हात लावाचा नाई.’

आणि माझं काय, असं कोणी विचारलं तर मी काय सांगू? अनसिंगवाल्याच्या डोळ्यांत पाहिलं तेव्हा तो खोटं बोलत नाही हे मला दिसलं होतं. पण सासूबाई दोरातल्या जाणत्या. त्या म्हणतात नवा दोर तुटत नाही, तर नसेल तुटत. आणि एकदा तर मी स्वतः पाहिलं होतं की मेलेला माणूस पेटी घेऊन काठावर उभा राहतो. माणसाला जे हवं असतं त्याला आधार मिळाला की पुरे. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

माझा भाऊ मालेगावहून आला तो गाडीच जुंपून. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, तरुण बाईनं जन्मभर बसून राहावं असं कोणी म्हणत नाही. त्यानं माणूसही पाहून ठेवला होता, मालेगावजवळचा, बायको गेलेला, पाण्याची शेती असलेला. मी त्या माणसाला एकदा माहेरच्या बाजारात पाहिलं होतं. तोंडावरून भला वाटायचा. भाऊ म्हणाला, ‘तू अजून लहान हायेस. तुले लेकरं होतीन. कायले वाट पाहातं?’

मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या अंबाडी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘जाऊ दे तिले. पन थो आला तं मी त्याले काय सांगू, तेवढं सांगून जाय.’

मी गेले नाही. भावाची रिकामी गाडी वळणापर्यंत दिसत होती, मी ओट्यावर उभी होते.

मग वर्षं गेली. भावानं पाहिलेल्या त्या माणसानं दुसरीशी पाट लावला, त्याला मुलं झाली, हे कानावर यायचं. मी कुंकू लावत होते, बांगड्या भरत होते. गावातल्या काहीजणी मागं हसायच्या, मेलेल्याची सवाष्ण म्हणायच्या, पण सासूबाईंच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती, म्हणून समोर ओटीही भरायच्या. सणाला मी ते निळं लुगडं नेसायची. कारंज्याची गाडी यायच्या सुमाराला मी कोणतंतरी काम काढून वाटेकडच्या बाजूला जायची. सासूबाई पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, दोघी एकच वाट पाहत आहोत. त्या वाट पाहण्यात सोबत होती, हे खोटं नाही. मी कधी डगमगले की त्यांच्या चेहऱ्याकडं पाहायची आणि पुन्हा धीर यायचा.

देश स्वतंत्र झाला, गावात साखर वाटली. त्याच्यानंतरच्या एका हिवाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या. छातीत कफ धरला होता. वैद्याचा काढा चालू होता पण तो त्यांना मानवत नव्हता. मी त्यांना दुपारच्या वेळी उचलून अंगणात उन्हाला आणून निजवायची, आणि जवळ बसून भाजी निवडायची. अंगानं इतक्या हलक्या झाल्या होत्या की मला एकटीला उचलता यायच्या.

अशाच एका दुपारी त्या म्हणाल्या, ‘सूनबाई, माह्या मागं तू भावाकडं जाय.’

मी म्हटलं, ‘अन् ते आले म्हनजे?’

त्यांनी गोधडी छातीवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, ‘थो येत नाई आता.’

‘कोनी सांगतलं?’

‘अनसिंगवाल्यानं. तवाच पटलं मले. नवा दोरही तुटते, बाई. ताण पडला का कोनताही तुटते.’

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. मी विचारलं, मग इतकी वर्षं? मग माझ्या भावाला परत का जाऊ दिलं? मला का नाही सांगितलं? मी आवाज चढवला होता, शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

सासूबाई म्हणाल्या, ‘तू गेली असती. मी एकटी काय केलं असतं वं?’

दुसरं काही नाही. क्षमा मागितली नाही, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. मग पाणी मागितलं.

मला त्यांचा इतका राग आला की त्या आजारी नसत्या तर मी काय केलं असतं माझं मला माहीत नाही. त्या एका बाईनं आपल्या एकटेपणापायी माझं घर, माझी होणारी लेकरं, सगळं आपल्याकडं ठेवून घेतलं होतं. मी ज्या चेहऱ्याकडं पाहून धीर घेत होते त्याला सगळं ठाऊक होतं. मी उठले, आत गेले, माठाजवळ उभी राहिले. तिथं मला कळलं की माझा नवरा मेला. इतक्या वर्षांपूर्वी, ओहोटीला, धक्क्यावर. ते येणार नाहीत.

तांब्या भरून बाहेर आले. त्यांची मान हातावर घेतली, दोन घोट पाजले, तोंड पुसलं. आणि मग मी रडले. रडायला मला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून त्यांच्याच छातीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.